उलटा पीळ

काकूंचा फोन आला तेव्हा झाडवाली आपल्या नर्सरीच्या मागच्या शेडमध्ये बसून जेडच्या कापलेल्या फांद्या कागदावर सुकायला मांडत होती.

"सवड झाली की एकदा येऊन जा गं," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या झाडांच्या तारा रुतायला लागल्यात. मीच काढल्या असत्या, पण माझ्या बोटांनी पक्कड दबत नाही."

"उद्या दुपारी येते. तोवर पाणी मात्र घालू नका."

"पाणी कोण घालतंय," काकू म्हणाल्या आणि बारीकसं हसल्या.

तिला सगळी गिऱ्हाइकं झाडवालीच म्हणायची. गमतीनं नवराही तेच म्हणायचा. जेड, अडेनियम अशी पोटात पाणी साठवून जगणारी मांसल झाडं उथळ कुंडीत वाढवायची, त्यांना छाटून, तारा गुंडाळून म्हाताऱ्या वृक्षाचा आकार द्यायचा आणि विकायची, हा तिचा धंदा. तो तिला शिकवला सरांनी, काकूंच्या नवऱ्यानं. सर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत झाडं मांडली आणि चारदोन जणांना शिकवायला घेतलं. बाकीचे हळूहळू कंटाळून गळाले. ती टिकली.

सर कडक होते, पण आवाज कधी चढवला नाही त्यांनी. तिचं काही चुकलं की मागून यायचे, तिच्या कानामागे दोन बोटं टेकवायचे आणि तिचं डोकं हवं तिकडे वळवायचे. "इथून बघ. झाडाचं तोंड या बाजूला आहे." प्रत्येक झाडाला एक तोंड असतं आणि ते सापडेपर्यंत झाड फिरत्या स्टुलावर ठेवून गोल गोल फिरवायचं, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा वळवण्याचा. "लाकडी झाड भांडतं," ते सांगायचे. "हे भांडत नाही. याला आधी तहानलेलं ठेवायचं. तहानलं की मऊ पडतं. मऊ पडलं की रोज थोडं थोडं वळवायचं. एकदम वळवायला जाशील तर काकडीसारखं मोडेल."

हिवाळ्यात सर गेले. त्या फिरत्या स्टुलासमोर बसल्या बसल्या गेले, हातात तार होती. बघणारे म्हणाले, नशीबवान माणूस, आवडत्या कामात गेला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. वाराही नव्हता. गल्लीतली सगळी दारं जेवणानंतरच्या झोपेत बंद होती. काकूंनी दार उघडलं तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं ते इतकंच, की काकूंची मान जरा डावीकडे कललेली आहे.

"अवघडलीय," काकू म्हणाल्या. "उशी बदलायला हवी."

मागची खोली लांबट होती. वर अर्धपारदर्शक पत्रा, एका भिंतीला मोठी खिडकी, खिडकीखाली आणि भिंतीशी फळ्यांवर झाडं. विटांच्या चुऱ्याचा आणि गंधकाचा कोरडा वास तिथं नेहमीच असायचा. खोलीच्या मधोमध सरांचं फिरतं स्टूल, आणि त्यावर ते मोठं जेड. बाकी सगळी झाडं सरांनी विकत आणलेली होती. हे एक काकूंचं होतं. लग्नाआधी ते त्यांच्या माहेरच्या खिडकीत वाढलं होतं, सरळसोट, माणसाच्या कमरेएवढं. सरांनी ते निम्म्यावर कापलं आणि वर्षानुवर्षं खाली, खाली वळवत नेलं. आता त्याचं जाडजूड खोड कुंडीच्या काठावरून वाकून स्टुलाच्याही खाली लोंबत होतं, कड्यावरून कुणी खाली डोकावत असावं तसं. प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं त्याला. लोक फोटो काढायचे.

ती कामाला लागली. मांसल झाडाची तार उलगडून काढायची नसते, साल सोलते. जागच्या जागी कटरनं तुकडे करून काढायची. तार सरांच्या हातची होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. सर डावखुरे. सगळं जग तार ज्या बाजूनं गुंडाळतं त्याच्या उलट बाजूनं त्यांचा पीळ जायचा. आणि शेवटचं टोक ते आत वळवून छोटीशी कडी करायचे, बाहीत अडकू नये म्हणून. बऱ्याच ठिकाणी तार खोडात गेली होती. काढली की खाली ओलसर वळ दिसायचा.

काकू दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून बघत होत्या.

"बहीण बोलावतेय," त्या मधेच म्हणाल्या. "कायमची ये म्हणतेय. तिची मुलं बाहेरगावी, ती एकटी, मी एकटी. दोघी मिळून भांडू म्हणते."

"मग जा की."

"झाडांना कोण बघेल?"

"मी नेईन नर्सरीत."

काकूंनी मान हलवली, पण हो म्हटलं की नाही ते तिला कळेना, कारण मान मुळातच कललेली होती.

निघताना तिनं खोलीवर एकदा नजर टाकली आणि जराशी थबकली. झाड उजेडाकडे झुकतं. पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. इथली झाडं खिडकीकडे पाठ करून होती. सगळ्यांचे शेंडे आत, खोलीच्या दाराकडे वळले होते. जिथं वेताची खुर्ची होती तिथं. ती मनाशी म्हणाली, सर कुंड्या फिरवून ठेवायचे, तेच असेल. आणि घरी आली.

आठवडाभरानं पुन्हा फोन आला.

"तू सगळ्या तारा काढल्या होत्यास ना गं?" काकूंचा आवाज खाली गेला होता, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

"सगळ्या. का?"

"मग परत कशा आल्या… तू ये एकदा."

तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो टेम्पोचं चाक बदलत होता. "म्हणजे सर मेल्यावरही कामाला येतात?" तो म्हणाला. "आपला टेम्पो धुणारा जिवंत असून येत नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हेच." मग तिचा चेहरा बघून तो हात पुसत उठला. "अगं, काकूच गुंडाळत असतील. इतक्या वर्षांचा संसार. माणूस गेल्यावर बायका त्यांचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवतात. तसंच हे. तू जा, मी टेम्पो घेऊन मागून येतो. झाडंच उचलून आणू, म्हणजे कटकट मिटेल."

तिलाही ते पटलं. रस्ताभर ती हेच घोकत गेली की काकूच गुंडाळत असतील.

मागच्या खोलीत पाऊल टाकताच ते घोकणं थांबलं. एकूण एक झाडावर तार होती. नवी, चकचकीत. पीळ उलटा. प्रत्येक टोकाला आत वळवलेली इवलीशी कडी. ज्यांना सरांनी कधी हात लावला नव्हता अशा फळीवरच्या कोवळ्या रोपांनाही तार होती, दोऱ्याएवढी बारीक. असलं काम करायला धडधाकट माणसाला दिवसचे दिवस लागतात. काकूंना चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

त्या वेताच्या खुर्चीत होत्या. डोकं आता खांद्याला टेकायला आलं होतं, आणि कंबरेपासून वरचं अंगही त्याच बाजूला ओघळलेलं. ओठांना पापुद्रे आले होते.

"काकू, पाणी आणू?"

"नको गं. हल्ली तहान लागते, पण… प्यायचं राहूनच जातं."

तिनं त्यांना सावरून बसवायला हात धरला. बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर एक वळ गेला होता. एकच, अखंड, वेढे घेत गेलेला. वेढ्यांमधलं अंतर सारखं. पीळ उलटा. तो वळ ओलसर होता.

काकूंनी घाईनं बाही खाली ओढली.

"काय आहे हे?"

"काही नाही."

"काकू…"

पत्र्यावर कुठंतरी एक पान घसरत गेलं, त्याचा आवाजही खोलीभर ऐकू आला.

"दुखत नाही आता," त्या शेवटी म्हणाल्या. "सुरुवातीला दुखायचं. लग्नानंतर… तेव्हा वेगळं होतं. तेव्हा नुसतं बोलून व्हायचं. असं बसू नकोस, इतकं हसू नकोस, माहेरी काय ठेवलंय. रोज थोडं थोडं. मला वाटलं होतं, हे गेले की…" त्यांनी तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, मान वळत नव्हती म्हणून. "घाई करत नाहीत गं ते. एकदम केलं तर मोडतं. तुला शिकवलंय ना त्यांनी."

ती उठली. "आजच्या आज बहिणीकडे जायचं. आत्ता. झाडं राहिली इथंच. बॅग कुठंय तुमची?"

"कपाटावर."

तिनं बॅग काढली. दिसतील ते कपडे भरले. काकूंना उठवून, भिंतीला धरत धरत पुढच्या खोलीत आणलं, चपला पायाशी ठेवल्या. काकूंचं पाऊल उचलत नव्हतं, फरशीवरून ओढल्यासारखं येत होतं, पण येत होतं. नवऱ्याचा फोन आला, चौकात आहे म्हणाला.

"तुम्ही चपला घाला, मी मागचं दार लावून येते," ती म्हणाली.

एवढंच करायचं होतं. मागच्या खोलीतून अंगणात जाणारं दार उघडं होतं, त्याला कडी घालायची. ती आत गेली, दाराकडे चालली, आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेलं तारेचं भेंडोळं हलताना दिसलं. वारा नव्हता. भेंडोळं संथपणे फिरत होतं, जसं कुणी दुसऱ्या टोकाला धरून लागेल तेवढी तार ओढून घेतंय.

मग स्टूल करकरलं.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. फिरताना स्टूल एका विशिष्ट जागी करकरायचं. तिनं मोठ्या जेडकडे पाहिलं. जेड हललं नव्हतं. स्टूल हललं नव्हतं. पण समोरची खिडकी हळूहळू तिच्या उजव्या हाताला सरकत गेली, आणि खिडकीच्या जागी फळ्या आल्या, फळ्यांच्या जागी भिंत. तिनं खाली पाहिलं. पावलं जोडलेली, जमिनीला टेकलेली, जागच्या जागी. फिरत ती होती.

फिरणं थांबलं. मागे कुणीतरी दोन पावलं मागे सरून, एक डोळा बारीक करून पाहावं, तशी शांतता पसरली. मग पुन्हा जरासं फिरणं. पुन्हा थांबणं. केसांच्या तेलाचा वास आला. आणि उजव्या कानामागे दोन बोटं टेकली. थंड नव्हती. कोरडी होती, विटांच्या चुऱ्यासारखी.

"सर…" ती म्हणाली. आवाज फुटला नाही. घसा इतका कोरडा पडला होता की जीभ टाळूला चिकटली. अशी तहान तिला आयुष्यात लागली नव्हती. आणि त्या तहानेच्या मागोमाग अंगातून एक ढिलाई उतरत गेली. गुडघे, खांदे, मान. फोन हातातून निसटला, तो खाली पडल्याचा आवाज फार लांबून आला. बोटांनी डोकं जरासं डावीकडे लववलं, आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आता काही ठरवायचं नाही. दुसरं कुणीतरी बघतंय कुठं वळायचं ते.

मनगटाभोवती पहिला वेढा बसला.

"तिला सोडा."

दारात काकू उभ्या होत्या. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. कमरेतून वाकलेल्या, चौकटीला धरून.

"ती नाही तुमची," काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "आणि हेही तुमचं नाही."

पाय ओढत त्या स्टुलापाशी आल्या. चहाचा कप न पेलणारे ते हात त्यांनी जेडच्या खोडात घातले आणि झाड कुंडीतून मुळासकट उपटलं. माती फरशीवर सांडली. झाडवालीला आपल्या कानामागची बोटं ताठ झाल्याचं जाणवलं. काकू झाड छातीशी धरून अंगणात गेल्या. मागोमाग कुणीतरी झपाट्यानं तिच्या अंगाला घासून गेलं, तेलाचा वास एकदम दाट झाला आणि तिचे पाय मोकळे झाले.

ती धडपडत दाराशी पोचली. काकू अंगणाच्या भिंतीपाशी उभ्या राहून झाड मोडत होत्या. एक एक फांदी, हातानं, शांतपणे. मांसल लाकूड ओल्या आवाजानं तुटत होतं. तुकडे त्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत फेकत होत्या. त्यांच्या हातावरच्या वळांमधून पाणी निघत होतं, रक्त नव्हे, पाणी, पण त्या थांबत नव्हत्या.

"हे मरत नाही बरं का," त्या कुणाला तरी म्हणाल्या. तिला नव्हे. "पडेल तिथं उगवतं."

शेवटी लोंबतं खोड राहिलं. ते त्यांनी गुडघ्यावर घेऊन मोडलं. तो आवाज खोडाचा होता की काकूंच्या मानेचा, झाडवाली आजही सांगू शकत नाही. काकू सरळ झाल्या. पूर्ण नाही, पण आभाळ दिसेल इतक्या. मग अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरून त्या पाणी प्यायल्या. किती वेळ प्यायल्या. बाहेर नवऱ्याचा हॉर्न वाजत होता आणि त्या पीतच होत्या.

त्याच संध्याकाळच्या बसनं त्या बहिणीकडे गेल्या. रात्रभराचा प्रवास होता, झाडवाली सोबत जाऊन पोचवून आली. पुढं ते घर विकलं गेलं. बाकीची झाडं तिनं नवऱ्याला बरोबर घेऊन, दोघांनी मिळून, तारा काढून त्या मोकळ्या जागेत जमिनीत लावली. नवऱ्यानं एकही विनोद केला नाही. तिच्या मनगटावरचा वळ महिन्याभरात गेला. नर्सरीत ती अजून जेड विकते, पण कुंडीत सरळ वाढलेलं. तार कुणी मागितली तर दुसऱ्या दुकानाचं नाव सांगते.

काकू फोन करायच्या. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला. बहीण पोहायला शिकायचं म्हणतेय, या वयात. दोघी रोज सकाळी चालायला जातात. मान आता दोन्हीकडे वळते. त्यांचं हसणं फोनवरही मोठं झालं होतं.

परवा असाच फोन आला. झाडवाली चहा गाळत होती. फोन तिनं खांद्यानं कानाशी धरला. काकूंनी सगळी खबरबात सांगितली. बहिणीशी कशावरून भांडण झालं, ते मिटलं कसं.

"बाकी, रविवारी आलीस ते फार बरं वाटलं गं," त्या म्हणाल्या. "पण इतक्या लांबून येऊन बोलली नाहीस काही. नुसती माझ्या मागे उभी राहिलीस. ही विचारत होती, तुझी ती मुलगी नेहमीच इतकी गप्प असते का."

चहा कपाबाहेर सांडला.

"मी?"

"इथं पाऊस होऊन गेला होता, सगळीकडे तांबडा चिखल. म्हटलं, पाय धुऊन आत ये, तर ऐकलंच नाहीस. सगळ्या फरशीवर पावलं उमटली तुझी. निघताना मात्र म्हणालीस, पुढच्या वेळी राहायला येते." काकू थांबल्या. "येशील ना? मी खोली लावून ठेवलीय."

रविवारी ती घरात होती. दुपारी जेवून आडवी झाली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नव्हती. नवरा म्हणाला होता, अगं, किती हाका मारल्या, मेल्यासारखी झोपलीस.

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती दाराशी गेली. त्यांच्या भागातली माती काळी आहे, आणि महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. चपला नेहमीच्या जागी होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. तिनं एक उचलून उलटी केली. तळाला तांबडा चिखल होता. तिनं बोट लावून पाहिलं. अजून ओला होता.